एका वेळी एकच नट

साडेसातला मी ऊस घेऊन आत आलो
आणि राजश्री ओरडली, "बाबा, गेलं!"
जणू घरातलं कुणी गेलंय.
डबीवरचा शेवटचा दिवा लाल.

नऊला तिची मीटिंग. पलीकडची माणसं
आपली जेवणं व्हायच्या वेळी कामाला बसतात,
कसबा बावडा कुठं आहे ते त्यांना ठाऊक नाही.

उद्यमनगरात एकतीस वर्षं मशिनी उघडल्या मी.
लेथ बंद पडली की नवी पोरं सगळंच फिरवायची,
हे सैल, ते घट्ट,
मग चालू झाली तरी कळायचं नाही कशानं झाली.
मी सांगायचो, एका वेळी एकच नट.
फिरव. बघ. नाही झालं तर होता तिथं आण.

म्हणून आधी प्लग काढला, तीस आकडे मोजले.
ती म्हणाली दहा पुरेत. मी तीस मोजले.
लावला. लाल.
मिक्सरच्या सॉकेटात लावला. लाल.
पिवळी वायर काढून टोक सदऱ्याला पुसलं,
टक् वाजेस्तोवर बसवली.
लाल.

"वायफाय आहे बाबा, नेट नाही.
मोबाईलला डबी दिसते,
डबीला बाहेरचं काही दिसत नाही."
हे मला पटलं.
घरातल्या घरात सगळं बोलणं चालू होतं,
उंबऱ्यापलीकडं कुणी ऐकत नव्हतं.

कस्टमर केअरची बाई गोड.
"सर, बंद करून चालू केलंत का?"
केलं.
"सर, पुन्हा एकदा कराल?"
पुन्हा केलं. इतक्या आदरानं घरात कोण सांगतं?
तक्रार क्रमांक अकरा आकडी,
कॅलेंडरवर गॅसच्या तारखेशेजारी लिहून ठेवला.

राजश्री जिन्यावर मोबाईलचं नेट धरायला,
एक दांडी, अर्धी दांडी,
कारखान्याच्या धुराड्याकडं तोंड केलं की दोन.
हवेत मळीचा वास. हंगाम जोरात.

मला सुचेना. मी ऊस सोलायला बसलो.
कोपऱ्यावर ट्रॉली अडकली होती मघाशी,
मी आणि बाळकू ठाणेकर, दोघांची साठी उलटलेली,
मागनं जाऊन दोन ऊस ओढले,
शाळेत असताना ओढायचो तसे.
ट्रॅक्टरवाल्यानं हसत शिवी दिली,
मोळी कलली, वर काहीतरी करकरलं.
वर कोण बघतंय. हातात ऊस होता.

तिसऱ्या कांडीला
तोंडातला रस अचानक पाणचट झाला.

टॉर्च घेऊन बाहेर आलो.
काळी वायर खिडकीपाशी होती.
खांबापाशीही होती.
मधे नव्हती.
मधे रस्त्यावर टायरखाली चेपलेलं एक कांडं,
आणि त्याच्यात गुरफटलेला केसाएवढा काचेचा धागा.

इर्शाद आला तो तक्रार क्रमांकानं नव्हे,
बाळकूच्या फोननं. तेवढ्यावरून
बाळकूलाही करकर ऐकू आली होती हे समजलं.
स्कूटरला शिडी बांधलेली.
त्यानं वायर बघितली, टायरचे वळ बघितले,
माझ्या पायाशी पडलेला चोथा बघितला.
"काका, हंगामात आठवड्याला चार ठिकाणी जोडतो मी.
उसाचा नाद लई वंगाळ."

दोन टोकं त्यानं सोलली, पुसली, छोट्या यंत्रात ठेवली.
पडद्यावर दोन रेघा एकमेकींकडं सरकल्या,
थबकल्या,
बारीक ठिणगी, आणि एकच रेघ.
वेल्डिंग मीही केलंय आयुष्यभर,
हातोड्यानं ठोकून बघायची सोय नसलेला सांधा
पहिल्यांदाच बघितला.

नऊ वाजून सात मिनिटांनी हिरवा.
आतून राजश्रीचा आवाज, इंग्रजी, भरभर,
सात मिनिटांची माफी मागणारा.

नंतर तिनं विचारलं, "काय झालं होतं?"
"ट्रॉली," मी म्हणालो.
एकच नट फिरवला. दुसरा होता तिथं राहू दिला.

इर्शाद जाताना उरलेला ऊस
शिडीला बांधून घेऊन गेला.